कार्ड ठेकेदाराकडे, पगार दोन महिने थकलेला

वाचकाचं पत्र : आम्ही मूळचे सोलापूरचे. बावीस वर्षं पश्चिम दिल्लीत, विकासपुरीला राहतो. आमच्याकडे भांडी आणि केरफरशीला येणारी मुलगी म्यानमारची, चिन समाजाची निर्वासित आहे. वय सव्वीस. सकाळी साडेसहा ते साडेआठ आमच्याकडे, मग नऊ ते रात्री आठ हस्तसालच्या एका गल्लीत शर्टांचे धागे कापायला जाते. तिथं आठ हजार ठरले होते. पाच महिने मिळाले, शेवटचे दोन महिने काहीच नाही. ठेकेदारानं तिचं निर्वासित कार्ड 'सांभाळायला' म्हणून ठेवून घेतलंय. तिथला मास्टर, म्हणजे कामावर देखरेख करणारा माणूस, अंगचटीला येतो आणि पगार न्यायला रात्री एकटी ये म्हणतो. पोलिसांचं नाव काढलं की ती रडते. मी जाऊन त्या ठेकेदाराला चार शब्द सुनावू का? तिला आमच्याकडेच राहायला आणू का? मी तिला महिना तीन हजार देते, माझ्याकडून होईल ते करायची तयारी आहे.

उत्तर : ठेकेदाराला फोन करू नका, गल्लीतही जाऊ नका. निदान पुढचे आठ-दहा दिवस तरी नाही. तुमचा संताप रास्त आहे. पण आज त्या माणसाच्या हातात तिचं कार्ड, तिचे पैसे आणि तिची भीती असं तिन्ही आहे आणि तिच्या हातात कागदाचा एक तुकडाही नाही. कुणीतरी आंटी मध्ये पडलीय हे कळलं की तो त्याच संध्याकाळी तिला कामावरून काढेल, व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून तिचं नाव उडवेल आणि 'ही कोण, मी ओळखत नाही' म्हणेल. असे छोटे कारखाने दोन खोल्यांत चालतात आणि एका रात्रीत दुसऱ्या गल्लीत हलतात. म्हणून आधी पुरावा गोळा करायचा, मग बोलायचं.

तिची पोलिसांची भीती हा तिचा भित्रेपणा नव्हे. भारतानं १९५१ चा निर्वासितविषयक करार स्वीकारलेला नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिच्याकडचं कार्ड दिलंय ते संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनं, म्हणजे यूएनएचसीआरनं. नुसत्या त्या कार्डावर कामाची परवानगी मिळत नाही. ज्यांना दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळाला आहे त्यांना खासगी नोकरी करता येते. तो नसेल तर परदेशी नागरिकांविषयीचा कायदा लागू होतो, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात शिक्षा कडक आहेत. 'पोलिसांत गेलीस तर तूच आत जाशील' ही ठेकेदाराची धमकी या फटीतूनच येते.

पण केलेल्या कामाची मजुरी आणि अंगाला हात न लावू देण्याचा हक्क या दोन गोष्टी नागरिकत्वावर अवलंबून नाहीत. राज्यघटनेचं २१ वं कलम 'नागरिक' नव्हे, 'व्यक्ती' म्हणतं. २००० साली हावडा स्थानकावर अत्याचार झालेल्या बांगलादेशी महिलेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच स्पष्ट सांगितलं. त्याआधी १९८२ मध्ये, एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही २३ व्या कलमाखालची वेठबिगारी आहे असा निकाल झाला. हे तिला तिच्या भाषेत, सावकाश समजावून सांगायला हवं.

त्यामुळे पहिला फोन वकिलाला. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे. विधी सेवा कायद्याच्या १२ व्या कलमानुसार कोणत्याही महिलेला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो आणि त्यात नागरिकत्वाची अट नाही. वकिलाला सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारायचा : हिच्याकडे आज जी कागदपत्रं आहेत त्यांवर तक्रार केली तर हिला स्वतःला काय धोका आहे? व्हिसा आहे का, तो कधी संपला, नूतनीकरणाचा अर्ज केलाय का, हे तपासल्याशिवाय कुठंही तिच्या नावाचा अर्ज टाकू नका. चांगल्या मनाच्या माणसांकडून होणारी सर्वांत महाग चूक इथंच होते. ते तिला तडक ठाण्यात नेतात, तिथं पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न येतो 'व्हिसा दाखव', आणि पगाराची गोष्ट बाजूलाच राहते.

याच वेळी यूएनएचसीआरच्या दिल्ली कार्यालयालाही कळवायला सांगा, पण कळवायचं तिनं स्वतः. कार्ड कुणीतरी अडकवून ठेवलंय, त्याचं नाव आणि फोन नंबर, कधीपासून, एवढंच. त्यांच्याकडे तिची नोंद असते, त्यामुळे ती निर्वासित असल्याची खातरजमा ते करू शकतात, दुभाष्याही देऊ शकतात. एक सावधगिरी घ्या. दिल्ली पोलिसांच्या संकेतस्थळावर 'हरवले' अशी नोंद सहज करता येते आणि लोक तोच सोपा मार्ग सुचवतात. ती नोंद करू नका. कार्ड हरवलेलं नाही, अडकवलेलं आहे. उद्या ठेकेदारानं ते खिशातून काढून दाखवलं की खोटी माहिती दिल्याचा ठपका तिच्यावर येईल. तिच्या फोनमध्ये कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो असेल तर तो आजच दुसऱ्या कुणा विश्वासाच्या व्यक्तीकडे पाठवून ठेवायला सांगा. पुढं कुठंही काम धरताना मूळ कार्ड द्यायचं नाही, फक्त दाखवायचं. झेरॉक्स मागितलीच तर तिच्यावर आडवी रेघ मारून 'फक्त कामासाठी' आणि तारीख लिहून द्यायची.

आता पुराव्याचं बघू. बहुतेक दावे इथंच फसतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आधार नाही म्हणून बँकेत खातं नाही, खातं नाही म्हणून मजुरी रोख, आणि रोखीची पावती कुणी देत नाही. मजुरीविषयीच्या कायद्यात, म्हणजे वेतन संहितेत, तिच्या बाजूची एक तरतूद आहे : पैसे दिले की नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. पण ती वेळ येण्याआधी ती तिथं काम करत होती हे तिला दाखवावं लागतं. म्हणून एक साधी वही घ्या. रोज आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, किती पीस झाले, कुणी काम दिलं, पैसे मिळाले असतील तर किती आणि कुणाच्या हातून. बर्मी लिपीत लिहिलं तरी चालेल, पण ज्या दिवसाचं त्याच दिवशी. रात्री त्या पानाचा फोटो काढून एका ठरलेल्या नंबरवर पाठवायचा, म्हणजे तारखेचा शिक्का आपोआप बसतो. मागचे सात महिने आठवून लिहायचे असतील तर ते वेगळ्या पानांवर आणि वर 'आठवणीतून' असं लिहून. रोजच्या नोंदीत ते मिसळलं की सगळीच वही संशयास्पद ठरते.

वहीखेरीज आणखी बरंच मिळतं. बंडलाला बांधलेली चिठ्ठी, चलनावरचं कंपनीचं नाव, शर्टाच्या कॉलरमधलं लेबल, कामाच्या ग्रुपवरचे 'कल जल्दी आना' असले संदेश, ठेकेदाराचे व्हॉइस मेसेज, फोनमधली रोजच्या ये-जा करण्याची नोंद. दारावरच्या पाटीचा, जीएसटी क्रमांक लिहिला असेल तर त्याचा आणि वीजमीटरवरच्या नावाचा फोटो येता-जाता काढायचा, आत मुद्दाम चित्रीकरण करायला जायचं नाही. हे एवढ्यासाठी, की ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ज्याचा कारखाना आहे तोही देणं लागतो. तिला ठेकेदाराचं नुसतं 'भैया' एवढंच नाव माहीत असण्याची शक्यता खूप आहे.

यानंतर तिनं, स्वतःच्या फोनवरून, ठेकेदाराला एक साधा संदेश पाठवायचा. भांडण नको, धमकी नको, फक्त मागणी : 'भैया, मेरा दो महीने का पैसा बाकी है, आठ हजार के हिसाब से। कब दोगे?' 'अगले हफ्ते देखता हूँ' एवढं उत्तर जरी आलं तरी ती त्याची कबुली झाली. उत्तर आलं नाही तर तीन-चार दिवसांनी पुन्हा एकदा, बस्स. हे संदेश दुसरीकडे पाठवून मूळ फोन विकायचा किंवा साफ करायचा नाही. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यासाठी मूळ फोन जपलेला असणं फार उपयोगी पडतं. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही द्यायचा नाही. 'पूरा हिसाब हो गया' अशा व्हाउचरवर पूर्ण पैसे हातात मोजून घेतल्याशिवाय तर मुळीच नाही. आणि पगार न्यायला रात्री जायचं नाही. दिवसा, तिथल्याच दोन-तीन जणींबरोबर जायचं.

हिशोब आठ हजारांवर थांबवू नका. दिल्लीत एप्रिल २०२५ पासून अकुशल कामगाराचं किमान वेतन महिना १८,४५६ रुपये होतं. २६ दिवसांनी भागलं की दिवसाला सुमारे ७१० आणि आठ तासांच्या हिशोबानं तासाला ८८ रुपये ७५ पैसे. नऊ ते आठ म्हणजे अकरा तास. जेवणाचा एक तास वजा केला की दहा. वरचे दोन तास जादा कामाचे, त्याचा दर दुप्पट, म्हणजे रोज ३५५ रुपये. दिवसाचे झाले १,०६५ आणि २६ दिवसांचे २७,६९०. सात महिन्यांचे १,९३,८३०. त्यातून मिळालेले ४०,००० वजा केले की देणं उरतं १,५३,८३० रुपये. हा दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये महागाईनुसार बदलतो, त्यामुळे प्रत्येक महिन्याला त्या महिन्याचा दर लावा. रविवारीही बोलावलं असेल तर ते दिवस वेगळे धरा. ठेकेदार 'हा तर पीस रेट आहे' म्हणेल. नगावर काम असलं तरी ठरलेल्या किमान वेतनाखाली जाता येत नाही.

हा दावा जिल्ह्याच्या श्रम कार्यालयात जातो. मुदत तीन वर्षांची आहे, त्यामुळे घाईनं अर्धवट अर्ज टाकण्याची गरज नाही. थकलेल्या रकमेशिवाय दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार तिथल्या प्राधिकाऱ्याला आहे. आणखी एक तरतूद तिच्या फार उपयोगाची : एकाच अर्जात अनेक कामगारांना दावा करता येतो, आणि ती नोंदणीकृत संघटनेची सदस्य असेल तर संघटनाही तिच्यासाठी अर्ज करू शकते. धागे कापणाऱ्या इतर बायका स्थानिक असतील आणि त्यांचाही पगार थकला असेल, तर चार नावांच्या अर्जात तिचं नाव एकटं उघडं पडत नाही. ठेकेदारालाही चौघींना एकदम घाबरवणं जड जातं. त्या बायकांशी बोलायचं ते तिनंच, कारखान्याबाहेर, ज्यांच्यावर तिचा विश्वास आहे त्यांच्याशीच.

मास्टरचं प्रकरण पूर्णपणे वेगळं ठेवा. वेगळा कागद, वेगळी तक्रार. दोन्ही एका अर्जात घातलं की समोरून देवाणघेवाण सुरू होते, 'पगार घे आणि ते सोड'. २०१३ च्या कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या कायद्यात तडजोड फक्त बाईनं स्वतः मागितली तरच होते, आणि तीही पैशांच्या बदल्यात नाही. दहापेक्षा कमी माणसं काम करत असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात मिळतो. या तक्रारीची मुदत मात्र फक्त तीन महिन्यांची, शेवटच्या घटनेपासून. समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात. अर्जाच्या सहा प्रती लागतात, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. तिला लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे. ती काही कारणानं स्वतः तक्रार करू शकत नसेल तर घटनेची माहिती असलेली दुसरी व्यक्ती, म्हणजे तुम्हीसुद्धा, तिच्या लेखी संमतीनं ती करू शकता. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते आणि तिचं नाव उघड करण्याला बंदी आहे.

तक्रारीत 'वाईट वागतो' असं लिहून काही होत नाही. कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता, खोलीत कोण होतं, त्यानं काय केलं, काय बोलला ते त्याच्याच शब्दांत, ती काय म्हणाली, तिनं त्याच दिवशी कुणाला सांगितलं. 'रात को अकेली आना' हा संदेश फोनवर असेल तर तो एकच कागद खूप काही बोलतो.

दुभाष्याची निवड इथं फार जपून करा. बाईच हवी. तिचं मूल नको, नवऱ्याचा भाऊ नको आणि तिला नको असेल तर समाजातले ज्येष्ठही नकोत. दिल्लीतला चिन समाज लहान आहे, भाड्याच्या खोल्या एकमेकींना लागून, गोष्ट दुपारपर्यंत सगळीकडे पोहोचते. समाजातले लोक मदतीला धावून येतात हे खरंच, पण 'आपल्याला इथं राहायचंय, मिटवून टाक' असा दाबही तिथूनच येतो. हाखा, फलाम, मातू अशा भाषाही वेगवेगळ्या आहेत. 'बर्मी येणारी कुणीतरी' चालेल असं गृहीत न धरता तिला कोणत्या भाषेत मोकळेपणानं बोलता येतं ते विचारा.

हे सगळं सवडीनं करायचं, पण एका परिस्थितीत नाही. तिला कोंडून ठेवलं, मारलं किंवा बलात्कार झाला, तर वकिलाची वाट बघू नका, ११२ वर फोन करा. महिला मदत क्रमांक १८१ वरून सखी केंद्र जोडून मिळतं. तिथं थोडे दिवस निवारा, डॉक्टर, वकील, समुपदेशन एकाच ठिकाणी असतं. बलात्काराच्या प्रकरणात खासगी रुग्णालयालाही तातडीनं मोफत उपचार करावे लागतात. कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, 'आमच्या हद्दीत नाही' हे उत्तर कायद्यात बसत नाही. जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठायचं नाही.

तिला घरी आणण्याबद्दल. दोन-चार रात्रींचा आसरा वेगळा आणि 'इथंच राहा, इथंच काम कर' वेगळं. परदेशी व्यक्तीला घरात ठेवलं तर त्याची नोंद चोवीस तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे करावी लागते, तेव्हा आधी वकिलाला विचारा. दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. चोवीस तास कामाच्या घरात राहणाऱ्या बाईला कामाची वेळ उरत नाही. तुमच्या मनात नसलं तरी पाहुणे आले की रात्री दहाला भांडी पडतात आणि उपकाराखाली दबलेली मुलगी नाही म्हणत नाही. तिच्या खोलीच्या शेजारी तिची माणसं आहेत. तेही एक संरक्षण आहे, ते सहजासहजी तोडू नका.

आणि आता तुमच्या तीन हजारांबद्दल. तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत म्हणून आम्हीही मोकळेपणानं सांगतो. दिल्लीत घरकामासाठी वेगळं किमान वेतन ठरलेलं नाही, त्यामुळे तुम्ही कायदा मोडत आहात असं आम्ही म्हणणार नाही. पण वरचाच तासाचा दर लावून बघा : रोज दोन तास, तीस दिवस, साठ तास, ५,३२५ रुपये. त्यात सुट्टी एकही नाही. आसपास हाच भाव चालतो हे खरं आहे, आणि चिन बायकांना तो आणखी खाली पाडून मिळतो, कारण त्या घासाघीस करत नाहीत. ठेकेदाराचा हिशोबही तिथूनच सुरू झालेला असतो. हा आकडा तुम्ही आजच्या आज दुरुस्त करू शकता. आठवड्याची एक भरपगारी सुट्टी द्या. पैसे ठरलेल्या तारखेला द्या. तिच्या वहीत रक्कम आणि तारीख लिहून तुम्ही सही करा. तिच्या आयुष्यातली ती कदाचित पहिली पगाराची पावती असेल.

हा पगार वेळेवर आणि पुरेसा असेल तर धाग्यांचं काम सोडण्याची ताकद तिला येईल. दोन महिन्यांचे पैसे अडकलेत म्हणून ती तिसऱ्या महिन्यातही जाते, अडकवलेला पगार हीच तिच्या पायातली दोरी आहे. नवीन काम धरताना पहिले दोन महिने तरी आठवड्याला पैसे ठरवायचे, आठवडा चुकला की दुसऱ्या आठवड्याला जायचं नाही, आणि उचल घ्यायची नाही. उचल फिटत नाही आणि ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. ठरलेली रक्कम आणि वेळ व्हॉट्सॲपवर आवाजात बोलून पाठवायची, म्हणजे लिहिता न येणाऱ्यालाही 'हाँ' म्हणावंच लागतं.

या रविवारी तिला चहाला थांबवा, कामाला नाही. वही आणि पेन द्या, १५१०० हा आकडा तिच्या फोनमध्ये तिच्याच हातानं साठवून घ्या, आणि विचारा : तुला यातलं आधी काय हवंय, कार्ड, पैसे, की त्या माणसापासून सुटका? ती 'फक्त कार्ड' म्हणाली तर तिथूनच सुरुवात करा. पगाराच्या दाव्याला तीन वर्षं आहेत. मास्टरच्या तक्रारीची तीन महिन्यांची तारीख तेवढी तिला सांगून, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.